शनिवारचं ऐकणं : आमच्या वाचनालयातल्या प्रकल्प नोंदी

१२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

कार्तिकी एकादशी. वाचनालयात दिवसभरात तीन जण आले. दोघं पेपर चाळून गेले. तिसरा बारावीचा पोरगा, कोपऱ्यात बसून फोनवर गाणी पुढे ढकलत होता. मी घड्याळ लावून मोजलं, दहा मिनिटांत एकतीस गाणी. एकही पुरं नाही. रागावण्याचा मला हक्क नव्हता, रात्री झोपेपर्यंत मीही तेच करते.

मनात बरेच दिवस होतं ते आज वहीत लिहून टाकलं: दर शनिवारी सात वाजता एक अल्बम, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आहे त्याच क्रमानं. जमलं तर दर वेळी वेगळ्या मुलखाचा. समितीच्या अध्यक्षांनी एकच विचारलं, "खर्च किती?" चहा-साखर म्हटलं. "मग करा."

१६ नोव्हेंबर, शनिवार

फळ्यावर 'अल्बम ऐकण्याचा कार्यक्रम' असं लिहिलं. शेजारच्या मावशी थांबल्या. "अल्बम पाहतात का ऐकतात व? कोनाच्या लग्नाचा?"

हसू आलं, पण मावशींचं फारसं चुकलेलं नव्हतं. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. लांबलचक रचना म्हणजे चार-सहा तबकड्या, आणि त्या ठेवायला जाड पुठ्ठ्याची, पाकिटांची पानं असलेली वही. दिसायला थेट फोटोच्या अल्बमसारखी, म्हणून नाव तेच पडलं. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीनं ३३⅓ फेऱ्यांची लाँगप्ले काढली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं बसू लागली, वही गेली आणि नाव राहिलं.

मावशींना एवढं सगळं नाही सांगितलं. "गाण्यांचा अल्बम, मावशी. पानं उलटायची नाहीत, बसून ऐकायचं." त्या म्हणाल्या, "चहा असन त येतो."

१९ नोव्हेंबर, मंगळवार

काल संध्याकाळी विधानसभेचा प्रचार थांबला आणि साऊंडवाला भाऊ मोकळा झाला. गेले पंधरा दिवस त्याचे भोंगे तालुकाभर फिरत होते. आज त्याच भोंग्यावर चाचणी घेतली. तबला टिनावर वाळू सांडावी तसा वाजला. भोंग्याला खालचे सूर नसतातच. माणसाचं बोलणं दूर नेण्यासाठी तो असतो. भाऊ म्हणाला, "भाषनाचा मानूस आहे तो, ताई. गान्याले बॉक्स पायजे." दोन बॉक्स आणि आहुजाचा अॅम्प्लिफायर, शनिवारचे दोनशे रुपये ठरले.

फोनमध्ये तीन गोष्टी बंद केल्या: शफल, एका गाण्यातून दुसऱ्यात विरघळण्याची सोय आणि कॉल. फुकटच्या अॅपवर दोन गाण्यांच्या मधे साबणाची जाहिरात लागते, म्हणून महिन्याचे पैसे भरले. माझ्या खिशातून. समितीला अजून सांगितलेलं नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार

निकाल. गुलाल, डीजे. रद्द.

३० नोव्हेंबर, शनिवार

पहिली बैठक. माणसं एकोणीस, लहान पोरं सोडून. संत्र्याचा तोडा चालू असल्यानं प्रत्येकाच्या खिशात संत्री, आणि साल सोलण्याचा आवाज इतका असतो हे मला आजवर माहीत नव्हतं.

शांत बसण्याचा नियम मात्र समजवावा लागला नाही. इथून मोझरी जवळ. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला दुपारी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी लाखो माणसं आहेत तिथं स्तब्ध उभी राहतात. आमच्या गावातली निम्मी माणसं महिन्याभरापूर्वीच तिथं उभी होती. खंजिरीवर नाचणाऱ्या गावाला गप्प बसणंही येतं.

सुरुवात ओळखीच्या वाद्यांनी करायची म्हणून 'कॉल ऑफ द व्हॅली' (१९६७) लावला. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार, तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस: अहिर भैरव, नट भैरव, पिलू, भूप, देस, पहाडी.

पहिली तान संपायच्या आत भजनी मंडळाच्या पेटीवाल्या बुवांचा हात वर. "पोरी, हा त सकाळचा राग. आता दिवे लागले."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अल्बममधला दिवस आणि बाहेरचा दिवस वेगळा, असं काहीतरी बोलले आणि मलाच ते पोचट वाटलं. बुवा डोळे मिटून बसले, रागावून असावेत. बाजू संपली तिथं चहा. (हे मुद्दाम ठरवलं आहे. तबकडी पलटायची जागा करणाऱ्यानं विचारानंच निवडलेली असते. चहा तिथंच.) दुसऱ्या बाजूला देस आला तेव्हा बुवा आपणहून म्हणाले, "आता बराबर. रात झाली त्याची." शेवटच्या पहाडीला त्यांचा हात मांडीवर चालू होता.

जाताना दारात म्हणाले, "आमच्या भजनातही असंच असते. रूपाचा अभंग आधी, गौळण मधात, भैरवी सरतेशेवटी. भैरवी आधी घेतली त लोकं उठून जातीन." आजच्या बैठकीतली माझी सगळी तयारी या तीन वाक्यांत बसली असती.

७ डिसेंबर, शनिवार

'काइंड ऑफ ब्लू', अमेरिकन जॅझचा अल्बम. माइल्स डेव्हिसची ट्रम्पेट, सोबत जॉन कोल्ट्रेन, कॅननबॉल अॅडर्ली, बिल एव्हान्स. १९५९. नागपूरहून एका निवृत्त प्राध्यापकांनी वाचनालयाला पुस्तकांची खोकी दिली होती, त्यातल्या एकात ऐंशीच्या दशकातली ही कॅसेट निघाली. भाऊच्या घरी जुना डेक आहे. फोन असताना कॅसेट कशाला, हा प्रश्न पोरांनी विचारला. बाजू हातानं पलटताना बघावी म्हणून, हे माझं उत्तर.

बुवा आज पेटी घेऊनच आले. वाजवायला नाही, "सूर कुठचा धरला ते पाह्याले".

पहिल्या चिजेत आधी खर्जातलं तंतुवाद्य प्रश्न विचारतं आणि बाकीचे दोन सुरांत उत्तर देतात. बुवांनी हळूच भाता हलवला आणि पेटीच्या पट्ट्या दाबून पाहिल्या. पांढरी दोन दाबली. नाक मुरडलं. काळी दोन दाबली. आणखीच मुरडलं.

"काहून व, पेटी काहून नाही लागून रायली?"

सूर पांढरी दोनच्या जरा वर आणि काळी दोनच्या बराच खाली, दाराच्या फटीत बोट सापडावं तसा अडकलेला. सगळ्यांनी भाऊकडे पाहिलं. भाऊ म्हणाला डेकचा बेल्ट गेला असेल. पहिली बाजू तशीच ऐकली. चहा.

दुसऱ्या बाजूला दादऱ्यासारखा सहाचा झोल सुरू झाला. बुवांनी पांढरी पाच दाबली आणि चेहरा खुलला. लागली. नुसती लागली नाही, कोमल निषाद घेऊन खमाजच्या अंगानं ते पाचेक मिनिटं हळू आवाजात सोबत करत राहिले. मी अडवलं नाही. नियम माझाच होता, मीच मोडला.

१० डिसेंबर, मंगळवार

भाऊ नवा बेल्ट टाकून डेक घेऊन आला. पहिली बाजू पुन्हा लावली. तसाच चढा सूर.

मग तो जे बोलला ते जसंच्या तसं लिहून ठेवते: "बेल्ट सैल झाला त आवाज जाड होते, ताई. इथं त बारीक होऊन रायला. अन् बेल्टचा दोष असता त दुसरी बाजू कायले बरोबर लागली असती?"

डेक निर्दोष. पेटी निर्दोष. राहिली कॅसेट.

१४ डिसेंबर, शनिवार

उलगडा झाला. भाऊचं म्हणणं शब्दशः खरं निघालं.

पहिल्या बाजूच्या तिन्ही चिजा २ मार्च १९५९ ला ध्वनिमुद्रित झाल्या, दुसऱ्या बाजूच्या दोन २२ एप्रिलला. मार्चच्या त्या दिवशी न्यूयॉर्कच्या स्टुडिओतलं मुख्य टेप यंत्र किंचित हळू फिरत होतं. हळू फिरणाऱ्या टेपवर घेतलेलं योग्य वेगानं वाजवलं की ते भरभर आणि चढं वाजतं. त्यामुळे तेहतीस वर्षं जगभर पहिली बाजू चढीच ऐकली गेली. त्याच दिवशी शेजारी दुसरं, राखीव यंत्र बरोबर वेगानं चालू होतं. त्यावरची टेप वापरून १९९२ मध्ये दुरुस्त आवृत्ती निघाली. आमची कॅसेट त्याआधीची.

आज फोनवरून दुरुस्त आवृत्ती लावली. बुवांनी पांढरी दोन दाबली. चिकटून बसली. सोळा मात्रांच्या नव्हे, सोळा आवर्तनांच्या अंतरानं सगळी मंडळी अर्धा सूर वर गेली. बुवांनी बोट काळी दोनवर सरकवलं. आठ आवर्तनांनी परत खाली. तिसऱ्या फेरीला ते आधीच तयारीत होते.

"हा काफी आहे. पयले पांढरी दोनचा काफी, मंग काळी दोनचा काफी, मंग वापस घरी. एवढंच करून रायले ते. पन पाह्य, घाई नाही कोनाले."

जॅझच्या पुस्तकांत या स्वरावलीला डोरियन म्हणतात आणि स्वर काफी थाटाचेच आहेत. मी पुस्तकातून शोधून काढलेलं बुवांनी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर चाचपडत काढलं. थाट जुळला म्हणजे राग जुळला असं नाही, हेही त्यांनीच वर सांगितलं: काफीची चाल यात कुठंच नाही, नुसती जमीन तीच.

१६ डिसेंबर, सोमवार

झाकीर हुसेन गेले. सकाळपासून सगळ्यांच्या फोनवर तेच. आमचा तबलजी (दिवसा कृषी केंद्रात काम करतो) वाचनालयात येऊन काही न बोलता बसला आणि गेला. शनिवारचा अल्बम बदलला.

२१ डिसेंबर, शनिवार

'शक्ती', याच नावाच्या चमूचा अल्बम. ५ जुलै १९७५ ला अमेरिकेतल्या एका कॉलेजात भरलेल्या मैफलीचं ध्वनिमुद्रण, तबकडी १९७६ ची. जॉन मॅक्लॉलिन गिटार, एल. शंकर व्हायोलिन, विक्कू विनायकराम घटम, झाकीर तबला. तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. त्याच शक्तीच्या नव्या अल्बमला या वर्षी फेब्रुवारीत ग्रॅमी मिळालं, आणि डिसेंबरात ते गेले.

आज माणसं सर्वांत जास्त, चौतीस. नुसत्या तीन चिजा: पहिली अठरा मिनिटांची, तिसरी जवळपास अर्ध्या तासाची, मधे एक चिमुकली शांत. तबलजीनं पहिल्या चिजेत मात्रा धरायचा प्रयत्न सोडून दिला. पण त्याला रडू आलं ते मधल्या चिजेला, जिथं तबला फारसं काही करतच नाही. "एवढा हात असून एवढं कमी वाजवलं," एवढंच म्हणाला.

घटम म्हणजे माठ, हे कळल्यावर पोरांनी घरोघरचे माठ बडवून पाहिले. दोन फुटले. पाणी गार करणारा माठ पातळ आणि झिरपणारा असतो. वाजवायचा घट जाड आणि वजनदार लागतो, तमिळनाडूत मानामदुरैचे त्यासाठी नावाजलेले. माठांचे पैसे कोणी मागितले नाहीत, पण मावशी आजकाल माझ्याकडे रोखून बघतात.

२८ डिसेंबर, शनिवार

तुरीची सोंगणी. कोणी आलं नाही. एकटीनं बसून काही ऐकलं नाही.

४ जानेवारी २०२५, शनिवार

'द डार्क साइड ऑफ द मून', इंग्लंडचा पिंक फ्लॉइड बँड, १९७३.

काल चाचणीत दोन गाण्यांच्या मधे फोन अर्धा क्षण उचकी देत होता. या अल्बमला गाण्यांमधे भिंती नाहीत, एकातून दुसरं उगवतं, म्हणून उचकी म्हणजे खून. सेटिंग शोधण्यात रात्रीचे बारा वाजले.

सुरुवातीला काळजाचे ठोके. वाचनालयाचं छप्पर टिनाचं. प्रत्येक ठोक्याला एक सैल खिळा थरथरून उत्तर देत होता, आणि तो लयीत होता हे मान्य करावं लागेल.

पहिल्या बाजूच्या शेवटी क्लेअर टोरीचा आवाज. शब्द नाहीत, नुसता आकांत. रविवारची पाळी म्हणून तिला ३० पौंड मिळाले होते. चीज मरणावरची आहे हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. मावशींनी पदर तोंडाशी नेला. "कोन मेलं व हिचं?" चहा झाला तरी त्यांनी कप उचलला नव्हता. "मयतीत आधी असं वरून रडतात, मंग थकून खाली येतात, मंग नुसतं हुंदकं. तिनं सगळं केलं." मी पुन्हा ऐकलं तेव्हा चीज खरोखर तशाच तीन टप्प्यांत होती. मला इतकी वर्षं तो फक्त 'छान आवाज' वाटत आला होता.

दुसरी बाजू नाण्यांच्या खणखणाटानं उघडते. नाणी, कागद फाटणं, गल्ल्याची खटखट: टेपचे सात तुकडे मापून कापले आणि जोडून गोल फिरवले. तबलजी ताठ बसला. बोटं मोजू लागली. तीं तीं ना, धीं ना, धीं ना.

"सातच आहे! रूपक!"

"रूपक इंग्लंडात कसा जाईन?" बुवा.

"विभाग वेगळे आहेत, पन मात्रा सात. तुम्ही मोजा."

दोघंही मोजत होते. मधल्या गिटारीला तबलजीचा हात चुकला, तो चडफडला, पुन्हा धरला, पुन्हा चुकला. मग एकदम: "सोडला! त्यायनं सात सोडून चारचा धरला!" खरंच, तेवढा गिटारीचा तुकडा चारात आहे आणि मग चीज सातावर परत येते. परत आली तेव्हा याची टाळी बरोबर समेवर पडली आणि सगळी खोली हसली. पुढची तीनेक मिनिटं कोणी नीट ऐकलं नाही, मीसुद्धा.

पैशांवरचं गाणं आहे हे कळल्यावर मागून कोणीतरी म्हणालं, "सोयाबीनवर एखादं आहे का?" हमीभाव ४८९२ आणि बाजारात त्याच्या खाली, त्यामुळे या हशाला दुसरी धार होती.

११ जानेवारी, शनिवार

माणसं आठ. या आठवड्यात ओलिताची लाईन रात्रीची, पुरुष हरभऱ्याला पाणी द्यायला वावरात. गावातली वीजही साडेसहाला गेली. भाऊनं ट्रॅक्टरची बॅटरी काढून अॅम्प्लिफायर तिच्यावर लावला, बारा व्होल्टवर चालतो तो.

लावलेला अल्बम 'निआफुंके', अली फार्का तुरे, १९९९. निआफुंके हे मालीमधलं नायजर नदीकाठचं त्याचं गाव. तोवर जगभर नाव झालेलं, पण गडी शेती सोडायला तयार नाही. मग ध्वनिमुद्रणवालेच यंत्रं घेऊन तिथं गेले, एका ओसाड विटांच्या इमारतीत जनरेटरवर काम केलं, तेही याला शेतीतून सवड मिळेल तसं. पुढे २००४ मध्ये तो गावाचा महापौर झाला, २००६ मध्ये वारला. बॅटरीवर ऐकायला हाच अल्बम कसा आला असं कोणी विचारेल. यादी नोव्हेंबरातली आहे, वीज तिच्या मर्जीनं गेली.

गिटार एकाच सुराभोवती घुटमळत राहते, भोपळ्यावर ठेका. त्याचं एक तारेचं वाद्य आलं तेव्हा बुवा म्हणाले, "किंगरी." आमच्याकडे पूर्वी किंगरीवाले दारोदार यायचे. भाषा कोणालाच कळली नाही आणि कोणी विचारलीही नाही. 'तो शेतकरीच राहिला' हे मात्र तिघांनी वेगवेगळ्या वेळी पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

साडेआठला दोन जण टॉर्च घेऊन वावरातून थेट आले, पाय चिखलाचे. शेवटच्या दोनच चिजा मिळाल्या त्यांना. पूर्ण अल्बमचा नियम मी इथं गिळला.

१८ जानेवारी, शनिवार

टिनाचा सैल खिळा ठोकायला गेलेल्या पोरानं छपराला भोक पाडलं. बैठक नाही. पुढच्या वेळी विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात.

२५ जानेवारी, शनिवार

सभामंडप. दगडी खांब, उंच छत, आवाज फिरून येतो. बाखचे 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स', पियानोवर ग्लेन गूल्ड. एक संथ धून, तिच्यावर तीस रूपं, आणि शेवटी पुन्हा तीच धून. १९५५ चं ध्वनिमुद्रण, त्याच कोलंबियाच्या स्टुडिओत जिथं पुढे 'काइंड ऑफ ब्लू' झाला. ती वास्तू मूळची चर्च. बुवांनी छताकडे पाहिलं. "मंग बराबर जागी आनलं तुवा."

पण बैठक पडली. तिसाव्या रूपापर्यंत पाच माणसं उरली. पोरं गेली, भाऊ वायर गुंडाळायच्या तयारीत. अडतीस मिनिटं धो धो, श्वास घ्यायला जागा नाही. मलाही मधे मधे कंटाळा आला, लिहून ठेवते. मावशी तेवढ्या कान देऊन. "हा मानूस वाजवतानी गुनगुनून रायला. ऐका ना." गूल्डची ही खोड जगजाहीर. मावशींना ती पुस्तकाविना सापडली.

१ फेब्रुवारी, शनिवार

पडलेला अल्बम पुन्हा कोणी लावत नाही, मी लावला. तोच गूल्ड, तीच रचना, त्याच स्टुडिओत, पण १९८१ मधली. मधे सव्वीस वर्षं. पहिल्या वेळी तो बावीसचा होता, या वेळी अठ्ठेचाळीसचा. पुढच्याच वर्षी तो वारला. आता एक्कावन्न मिनिटं लागतात.

माणसं सहा. यातलं काहीच आधी सांगितलं नाही, फक्त दोन्हींची पहिली धून एकापाठोपाठ एक वाजवली. दुसरी निम्म्यावर यायच्या आधी बुवांनी हात वर केला, पहिल्या दिवशीसारखाच.

"एकच मानूस आहे ना?"

हो म्हटलं.

"अगोदरचं पोट्ट्याचं आहे. हे उशिराचं." थोडं थांबून, "रात झाली त्याची."

मग अख्खी ऐकली. मधे चहा नाही, तो मावशींनीच नको म्हटला. शेवटी धून परत आली तेव्हा मंडपाच्या पायरीवर कुत्रं येऊन बसलं होतं, त्याला कोणी हाकललं नाही. संपल्यावर बुवा म्हणाले पेटी आणायला हवी होती. मग म्हणाले, बरं झालं नाही आणली.

भाऊचे दोन शनिवारचे चारशे बाकी. साखर संपली. अॅपचे पैसे ५ तारखेला पुन्हा कटतील, समितीला आता सांगावं लागेल.